भाऊंच्या फटफटीचं कॅरियर

९ डिसेंबर, बुधवार. काम : भाऊंच्या जुन्या फटफटीला मागं कॅरियर बसवणं.

मी पाना, कानस आणि माझी मापाची टेप घेऊन त्यांच्या अंगणात पोचले, तेव्हा भाऊ फटफटीशेजारी उकिडवे बसले होते. पेट्रोलच्या टाकीवर त्यांचा हात होता. बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, पाचही बोटं पसरून. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, “बाई, गाडीले ईचारलं काय?”

“तुम्ही विचारा,” मी म्हटलं. “मी तोवर माप घेते.”

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. कुणी म्हणावं, भाऊ, जरा मलकापूरला सोडून द्या, की यांचा हात टाकीवर. “गाडीले ईचारलं काय?” नवा माणूस हसे. जुन्याला ठाऊक असे की यावर हसायचं नसतं, थांबायचं असतं. मग भाऊ निकाल सांगत. “जमते म्हन्ते.” नाही तर, “आज नाही म्हन्ते.” ‘नाही’ आलं की मुकाट्यानं एसटीच्या थांब्याकडं निघायचं. त्यावर अपील नव्हतं.

तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याचं एका गोष्टीशी जन्माचं नातं जुळलं आणि ती गोष्ट गेल्यावर त्यानं तेच नातं दुसऱ्या कशाला तरी लावून टाकलं. भाऊ जन्मभर धुरकरी. म्हणजे बंडी हाकणारे. कापसाच्या दिवसांत सरकी काढणाऱ्या जिनात कापूस, एरवी कुणाची ज्वारी, कुणाच्या विटा, कुणाची वरात. मग कापूस न्यायला ट्रक यायला लागले. त्यातच जोडीतला एक बैल म्हातारपणानं गेला. एका बैलाची बंडी होत नाही. दुसरा त्यांनी एका ओळखीच्या घरी दिला आणि नवी जोडी आणायला म्हणून मलकापूरला गेले. परत आले ते या फटफटीवर बसून. मिलिटरीच्या लिलावातून निघालेली, एका ठेकेदारानं वापरून टाकलेली, काळी आणि म्हशीसारखी जड. लोक म्हणाले, भाऊंचं डोकं फिरलं. भाऊ म्हणाले, “दोन बैलाईचं बळ हाय, आन दावं एकच.”

आता भाऊ नाहीत. फटफटीही भंगारात गेली. म्हणून म्हटलं, मला जेवढं ठाऊक आहे तेवढं लिहून ठेवावं.

रोहिणखेडच्या रस्त्याला नाल्याचा चढ चढून पुढं गेलं की एक कडुनिंब होता आणि शेजारी विहीर. बैलांना तिथं पाणी दाखवायचं, ही त्यांची जुनी रीत. फटफटी आल्यावरही ती मोडली नाही. कितीही घाई असो, कडुनिंबाखाली थांबा. एकदा एका नवरदेवाचा मामा मागं बसला होता. लग्नाची वेळ टळत चाललेली. तो कावून म्हणाला, “भाऊ, लोखंड हाय ते. लोखंडाले काय दम लागते?”

“हात लावून पाहा.”

मामानं इंजिनाला हात लावला आणि बोंब ठोकली.

“आता सांगा,” भाऊ म्हणाले, “दमली का नाही?”

पोळ्याच्या दिवशी बैलांना जुंपत नाहीत, म्हणून फटफटीला किक मारायची नाही. सकाळी नाल्यावर नेऊन धुवायची, तीही ढकलत. मडगार्डला गेरूचे ठिपके द्यायचे, पाठीवर झूल टाकायची आणि पुरणपोळीचा नैवेद्य दिव्याच्या काचेपुढं धरायचा. फटफटी काही खात नसे. “उपास दिसते हिचा,” असं म्हणून तो घास भाऊ स्वतः खात.

आणि त्यांचा दुसरा शब्द म्हणजे ‘उलार’. बंडीत मागं जास्त ओझं पडलं की पुढचा भाग वर उचलला जातो, जू बैलांच्या मानेवरून सुटतं आणि गळ्याला फास लागतो. त्याला म्हणायचं बंडी उलार झाली. भाऊंना सारं जग कधी ना कधी उलार होताना दिसे. एखाद्या लग्नात आधी बेत साधा आणि मागाहून मानपानाचे रुसवे फार झाले, की “लगन उलार झालं.” पाहुणा दोन दिवसांसाठी येऊन आठवडा राहिला, की “पाहुना उलार हाय.” एकदा मी त्यांचा सदरा शिवला. अंगात घालून ते अंगणात चार पावलं चालले, परत आले आणि म्हणाले, “बाई, सदरा उलार हाय.” पाहिलं तर मागची बाजू बोटभर लांब होती. उसवून दिला.

आता माझं काम सांगते, म्हणजे कॅरियरची गरज कळेल.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-साडेचार वर्षं झाली होती. बायकांसाठी गावोगाव शिवणवर्ग निघत होते. यजमान गेल्यावर मी शिवणाचं शिक्षण घेतलं होतं, त्यावर मला ही नेमणूक मिळाली. माझ्याकडं दोन गावं होती, आमचं आणि रोहिणखेड. मशीन मात्र एकच, हातानं फिरवायचं. आठवड्याचे पहिले दिवस ते आमच्या गावी आणि गुरुवारपासून रोहिणखेडला असायचं.

एकदा ते एसटीच्या टपावरून नेलं, तर उतरवेपर्यंत चाकाचा दांडा वाकला. तेव्हापासून वरून तंबी होती की मशीन एसटीत चढवायचं नाही, बंडी करायची. पण ऐन कापसाच्या दिवसांत कुणाची बंडी मोकळी असते? सलग दोन गुरुवार मी नुसती कात्री घेऊन रोहिणखेडला गेले. जुन्या मशिदीच्या पलीकडं एका घराच्या ओसरीवर वर्ग भरायचा. बायका कापड बेतून, टाचून, मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांतल्या दोघी तर रोज घरी भांडून येत. मशीन नाही म्हटल्यावर कापडाच्या घड्या करून परत जाताना त्या घरी काय सांगत असतील, याचा मला अंदाज होता.

ही गोष्ट बुलढाण्याला कळली. तिथल्या मुख्य बाईंचा निरोप आला, “येत्या गुरुवारी मी स्वतः रोहिणखेडला येते. मशीन पोचलेलं दिसलं तर वर्ग चालू ठेवू. नाही तर मशीन तुमच्याच गावी राहू द्या आणि रोहिणखेडचा वर्ग बंद करा.” मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. पण वर्ग बंद होऊ द्यायचा नव्हता.

राहिली फटफटी. मशीन मांडीवर घेऊन भाऊंच्या मागं बसायचा प्रश्नच नव्हता. भाऊ मला थोरल्या भावासारखे, हे खरं. पण गाव ते गाव, आणि त्याच गावातल्या बायकांना मला घराबाहेर काढायचं होतं. मी एसटीनं जायचं आणि मशीन फटफटीवरून, असं ठरलं. म्हणून कॅरियर.

लोखंड भाऊंनीच काढलं. बंडीच्या चाकाची जुनी धाव, म्हणजे चाकावरचा लोखंडी पट्टा, गोठ्यात पडून होती. लोहारानं आदल्या दिवशीच ती तापवून सरळ केली, पट्ट्या पाडल्या आणि मशीनच्या तळाच्या मापाची एक चौकट करून दिली. माप माझ्या टेपनं दिलेलं, त्यामुळं ते चुकायचा संभव नव्हता. चौकटीला चार पाय होते. पुढचे दोन मागच्या सीटच्या बोल्टांवर बसणार, मागचे दोन खाली चाकाच्या आसाच्या नटावर.

पुढचे बसले. मागचे बसेनात. भोकं बोटभर पुढं पडत होती.

“हातोडा आना,” भाऊ म्हणाले.

“पाय वाकवाल आणि मग चौकट तिरपी होईल. भोक लांबवा.”

“भोक भोक असते बाई. ते काय लांबते?”

“काज कसं असतं? बटण गोल, पण काज लांबट. थोडं मागंपुढं झालं तरी बटण बसतं. तसं करा.”

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, मग सदऱ्याच्या काजाकडं पाहिलं आणि कानस मागितली. आम्ही आळीपाळीनं घासत बसलो. ओसरीवर वैनी, म्हणजे भाऊंच्या घरच्या, बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्या अधूनमधून आमच्याकडं बघत आणि जुडीला दोरी आवळत. दुपारपर्यंत भोकं लांबट झाली. नटांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे खडखड कमी होईल. पाना मी फिरवला. चौकट हलेना. मला बरं वाटलं.

मशीन ठेवून पाहायची घाई मी केली नाही. आधी त्याच वजनाचं दुसरं काही ठेवून बघू म्हटलं, आणि सरळ वैनींच्या स्वयंपाकघरातून पाटा उचलून आणला.

“माहा पाटा?” वैनी म्हणाल्या. “चटनी कायच्यावर वाटू?”

“संध्याकाळपर्यंत परत आणते.”

“फुटला त?”

“मशीन फुटण्यापेक्षा पाटा फुटलेला बरा.”

“तुमचं बरं हाय बाई,” त्या म्हणाल्या, पण पाट्याखाली घालायला जुनी गोधडी त्यांनीच दिली.

पाटा गोधडीत गुंडाळून कॅरियरवर आवळला आणि भाऊ निघाले. मी नाल्यापर्यंत मागून चालत गेले. चढाला फटफटी लागली आणि पुढचं चाक जमिनीवरून उचललं. फार नाही, पण मी ते पाहिलं. हँडल डुगडुगलं आणि भाऊंनी पाय टेकले.

“बाई, उलार!” ते ओरडले. खरं तर आवाजात काळजी हवी होती. मला त्यात आनंद ऐकू आला. इतक्या वर्षांत फटफटी पहिल्यांदाच बंडीसारखी वागली होती.

उलार बंडीवर जो उपाय, तोच त्यांनी केला. मागचं ओझं जड झालं तर पुढं ओझं टाकायचं. नाल्यातली ओली रेती पोत्यात भरून ते पोतं त्यांनी हँडलला बांधलं. मला हे पटलं नव्हतं. पण माझ्याकडं दुसरं उत्तर नव्हतं, आणि चढावर पुढचं चाक खरंच खाली राहिलं. भाऊ चढ चढून गेले, वरून वळून परत आले आणि छाती काढून गावाकडं निघाले.

वेशीजवळ रस्ता उजवीकडं वळतो. भाऊ वळले नाहीत.

बैलाचं कसं असतं, कासरा नुसता ओढला की तो आपला आपण वळतो. रस्ता त्यालाही दिसत असतो. फटफटीला मात्र हँडल फिरवून वळवावं लागतं, आणि हँडल तर रेतीनं धरून ठेवलेलं. भाऊ जसे आले तसे सरळ रस्ता सोडून तुरीच्या वावरात शिरले. तूर डोक्याएवढी उभी होती. काही वेळ नुसता आवाज येत राहिला, मग तोही बंद झाला.

मी धावत गेले. भाऊ आडव्या फटफटीशेजारी तुरीत बसले होते. कोपर खरचटलेलं, बाकी धड. पाटाही शाबूत. तेवढ्यात वावराचे मालक आले. ते भाऊंच्या बरोबरीचे, लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी मोडलेली तूर पाहिली, फटफटी पाहिली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, “काऊन बे, बैल गेले आन आता फटफटी चारून राह्यला का माह्या तुरीत?”

“भुकेली व्हती,” भाऊ म्हणाले.

“मंग चारा पोटभर! उद्या वखराले जुंपजो तिले!”

“ईचारून पाह्यतो.”

दोस्त हसले, हात देऊन त्यांना उठवलं आणि फटफटी ओढून रस्त्यावर काढून दिली. गावात शिरेपर्यंत भाऊंनीही हसत हसत सगळ्यांना तेच सांगितलं. पण अंगणात आल्यावर ते खाटेवर बसले आणि त्यांचं हसू गेलं. दिवस कलायला आला होता. सकाळी मशीन रोहिणखेडला पोचायला हवं होतं.

रेतीचं पोतं सोडता सोडता मला उपाय सुचला. साधा होता. मागचं सीट काढून टाकायचं आणि कॅरियर पुढं सरकवून त्या जागी घ्यायचं. ओझं चाकाच्या मागं न लोंबता भाऊंच्या पाठीशी येईल. सकाळी सीटवर बसायला तरी कोण होतं? मी तसं म्हटलं आणि पाना हातात घेतला.

फटफटीला विचारलं का, असं भाऊंनी म्हटलं नाही. ते नुसते त्या सीटकडं बघत राहिले.

त्या सीटची गोष्ट गावाला माहीत होती, मलाही होती. घाईत मी ती विसरले होते. फटफटी आली तेव्हा मागं नुसतंच मडगार्ड होतं. भाऊ दुसऱ्या आठवड्यात खामगावला गेले आणि वैनींसाठी हे सीट घेऊन आले. तुले शेगावले नेतो, असं त्यांनी गल्लीत सगळ्यांदेखत सांगितलं होतं. वैनी म्हणाल्या, “मी नाही बसत. बाया काय म्हनतीन, मातारपनी हिले फटफटीची हौस आली?” भाऊंनी महिनाभर समजावलं. शेवटी दोघंही शेगावला गेले, एकाच दिवशी. वैनी एसटीनं, भाऊ फटफटीनं. देवळाच्या दारात भेटले, दर्शन घेतलं आणि आले तसे परत आले. जाताना मागच्या सीटवर भाऊंनी नारळ बांधला होता. तेव्हापासून त्या सीटवर इतर कुणी कुणी बसत, वैनी मात्र कधीच नाही. एरवी ते जुन्या धोतराच्या तुकड्यानं झाकलेलं असे आणि रोज पुसलेलं असे.

हे सगळं आठवलं, तरी मी पाना खाली ठेवला नाही. सीट काय, पुन्हा बसवता आलं असतं. वर्ग पुन्हा बसवता आला नसता.

“भाऊ, काढते,” मी म्हटलं.

“काढा,” ते म्हणाले. “पोरीबाईचं काम हाय. काढा.”

मी पहिल्या नटाला पाना लावला.

“थांबा,” ओसरीवरून वैनी म्हणाल्या. “काढू नका ते.”

आम्ही दोघांनी तिकडं पाहिलं. वैनींच्या हातात मेथी होती आणि नजर मेथीवरच. “पुढं जड पाह्यजे ना? मंग रेती काऊन बांधता? मांगच्या सीटवर मानूस बसवा.”

“कोणाला?”

“मले.”

भाऊंनी मान वर केली.

“हौस नाही मले,” वैनी लगेच म्हणाल्या, आणि हे त्यांनी मला सांगितलं, नवऱ्याला नाही. “बाई, आधीच सांगून ठेवतो. मशीन पडलं त तुमचा वर्ग जाईन. वझं धरायले कोनी पाह्यजे का नाही? कापसाच्या बंडीवर वझं धरून नाही बसली का मी जिनालोग? तवा कोनी काही म्हनलं? वझं धरायले बसली त कोन काय म्हनन?”

हिशेबानं बरोबर होतं. त्या जिथं बसणार ती जागा मागच्या चाकाच्या आसापुढं येत होती, आणि मागं हात टाकला तर मशीन हाताशी येत होतं. मी भाऊंकडं पाहिलं. ते खाली वाकून एक नट आवळत होते. तो नट मी सकाळीच आवळलेला होता.

“पन एक,” वैनी म्हणाल्या. “वस्तीतून नाही बसाची. वेशीबाहेर बसन.”

“हाव,” भाऊ म्हणाले. फटफटीला न विचारता त्यांनी कुणाला बसायला होकार दिल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

रात्री मला झोप लागली, असं म्हणणार नाही. वैनी ऐन वेळी मागं फिरतील ही एक धास्ती, आणि त्या बसूनही चाक उचललं तर ही दुसरी.

सकाळी वैनी माझ्याआधी वेशीवर उभ्या होत्या. नवं लुगडं नव्हतं, कामाचंच होतं. डोक्यावरून पदर घट्ट खोचलेला. भाऊ फटफटी ढकलत वेशीपर्यंत आणत होते. मशीन मी डोक्यावरून आणलं, गोधडीत बांधलं आणि कॅरियरवर आवळलं. वैनी एका अंगाला पाय सोडून सीटवर बसल्या. एक हात मागं मशीनवर. दुसऱ्या हातानं काय धरायचं, ते त्यांना कळेना. भाऊंनी मागं न बघता सांगितलं, “सदरा धर.” त्यांनी सदऱ्याचं टोक चिमटीत धरलं, गरम भांडं धरावं तसं.

मी नाल्याच्या चढाकडं बघत उभी राहिले. फटफटी खाली उतरली, चढाला लागली. पुढचं चाक जमिनीवर होतं. अर्ध्या चढावरही जमिनीवर होतं. वर पोचून ती दिसेनाशी झाली तेव्हा मी श्वास सोडला, पिशवी उचलली आणि एसटीच्या थांब्याकडं गेले.

एसटी मिळाली. कडुनिंबापाशी आलो तर खाली फटफटी उभी! भाऊ विहिरीवरून ओंजळीत पाणी घालतायत आणि वैनी पितायत. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, “भाऊ, चला की! मुख्य बाई येतील!”

भाऊंनी पंजा दाखवला. थांबा, म्हणून.

“तुमचं मशीन पानी पिऊन राह्यलं बाई,” कंडक्टर म्हणाला आणि सगळी एसटी हसली. मला हसू आलं नाही.

रोहिणखेडला मुख्य बाईंची जीप आधीच आलेली होती. बाया ओसरीवर रांगेत बसलेल्या, मांडीवर कापडं. मुख्य बाईंनी माझ्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं. मी म्हटलं, “येतंय.” त्या म्हणाल्या, “गेल्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात, असं कळलं.” रस्त्याकडं कान लावण्यापलीकडं करण्यासारखं काही नव्हतं.

मग मशिदीच्या बाजूनं फटफट ऐकू आली. इतका कर्कश आवाज मला इतका गोड कधी वाटला नव्हता. फटफटी ओसरीपुढं थांबली. वैनी उतरल्या. पदर जागेवर होता, चेहरा लाल झालेला, आणि मशीनवरचा हात अजून मशीनवरच. दोघी मुलींनी धावत जाऊन गाठी सोडल्या, मशीन आत आणून पाटावर ठेवलं. मुख्य बाईंनी स्वतः चाक फिरवून पाहिलं. सुई वर गेली, खाली आली.

“चालू करा,” त्या म्हणाल्या. “वर्ग राहील.”

एवढंच. पण ओसरीवर एकदम सगळ्या बोलायला लागल्या, आणि घरी भांडून येणाऱ्या त्या दोघींपैकी एक रडायला लागली, तिला मी कामाला लावलं.

बाहेर आले तर वैनी फटफटीपासून चार हात दूर उभ्या होत्या.

“बाई, आमच्या गावची एसटी कवा हाय?” त्यांनी विचारलं.

“आता दुपारी. का?”

“मंग दुपारलोग बसतो इथंच.”

“फटफटीवरून जा की. आल्यात तशा.”

“आल्ती मशीन धरायले,” त्या म्हणाल्या. “आता काय धरू?”

भाऊ पलीकडं उभे राहून पुढच्या चाकाची हवा तपासत होते. चाकात हवा भरपूर होती, ते लांबूनही दिसत होतं. बायकोला ‘बस’ म्हणायचं त्यांनी शेगावच्या वेळीच संपवलं असावं.

मी आत गेले. कोपऱ्यात बेतून उरलेल्या चिंध्यांचा ढीग होता, कुणाच्या कामाचा नव्हता. तो मी एका जुन्या चादरीत भरला, चारी टोकांची गाठ मारली आणि बाहेर आणून कॅरियरवर ठेवला. मुद्दाम सैल बांधला.

“वैनी, हे घरी नेऊन ठेवायचं आहे. हलकं आहे, वाऱ्यानं उडेल. धरून बसावं लागेल.”

वैनींनी गाठोड्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं असणार. त्या काही खुळ्या नव्हत्या.

“वझं हाय म्हना.”

“आहे.”

“मंग जाऊ.”

भाऊंनी किक मारली. वैनी बसल्या, एक हात मागं गाठोड्यावर ठेवला, आणि या वेळी दुसऱ्या हातानं सदरा मुठीत धरला. मशिदीच्या वळणाला फटफटी अलगद वळली.

मी आत गेले आणि मशीनमध्ये दोरा ओवला.